‘हॉटस्पॉट सुरू करा’ : एका सूचनेचे परीक्षण

विज्ञानाच्या पुस्तकांची, प्रयोगपेट्यांची आणि पाठ्यक्रमांची परीक्षणे अशा मासिकांतून नेहमीच येतात. या वेळी आम्ही परीक्षणासाठी घेतलेला मजकूर अवघ्या चार वाक्यांचा आहे. “फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हॉटस्पॉट सुरू करा. टॅबवर वाय-फाय चालू करा. यादीतून फोनचे नाव निवडा. पासवर्ड टाका.” शब्द थोडे इकडचे तिकडे होतील; पण फोनसोबतच्या पत्रकात, प्रशिक्षणवर्गात वाटलेल्या कागदावर आणि एका शिक्षकाने दुसऱ्याला तोंडी सांगतानाही मजकूर हाच असतो. त्याला कोणी एक लेखक नाही, म्हणून त्याचे परीक्षणही कोणी करत नाही.

सिमकार्ड नसलेले टॅब शाळेत येतात, त्यांच्यासाठी इंटरनेटची जोडणी मात्र येत नाही किंवा आलेली बंद पडते. मग वर्गावरचे सर किंवा बाई खिशातला फोन काढतात आणि वरील चार वाक्ये अमलात आणतात. हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की त्यात शिकवण्यासारखे काही आहे, असे वाटेनासे झाले आहे. आमची तक्रार नेमकी येथेच आहे.

सूचना कशी आहे हे ठरवण्यासाठी आम्ही दोन प्रश्न विचारतो. ती पाळली तर काम होते का? आणि काम अडले, तर ती पाळणाऱ्याला पुढची वाट सापडते का? पहिल्या प्रश्नात ही सूचना चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. दुसऱ्या प्रश्नात ती नापास होते आणि त्याची किंमत शिक्षकाचा खिसा आणि विद्यार्थ्याची समज, दोघांनाही मोजावी लागते.

आधी गुण

गुण सांगितल्याशिवाय दोष सांगू नयेत. ही सूचना थोडक्यात आहे, क्रमाने आहे आणि बहुतेक वेळा यश देते. तिच्यामागचे यंत्र किती गुंतागुंतीचे आहे हे पाहिले, तर चार वाक्यांत ते वापरता यावे हे मोठेच यश म्हणायला हवे. अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय २०१० साली, २.२ या आवृत्तीबरोबर आली. आयफोनमध्ये वाय-फायवरून जोडणी देण्याची सोय २०११ मध्ये आली. त्याआधी फोनच्या आधाराने संगणक इंटरनेटला जोडायचा तर केबल, मोडेमची मांडणी आणि कंपनीने दिलेले आकडे यांच्याशी झटापट करावी लागे. ती झटापट ज्यांनी केली आहे, ते या चार वाक्यांचे मोल जाणतात.

पण सोपे करणे आणि झाकून टाकणे यांत फरक आहे. नकाशा सोपा करताना आपण गल्ल्या वगळतो. नदी वगळत नाही. या सूचनेने नदीच वगळली आहे. ती कोणती, ते आता पाहू.

एक जोडणी की दोन?

ही सूचना देताना आपण सर्रास म्हणतो, “माझ्या फोनचे नेट टॅबला देतो.” या वाक्यातून मुलांच्या मनात काय चित्र उभे राहते? फोनमध्ये नेट नावाचा काही साठा आहे आणि त्यातला थोडा टॅबमध्ये ओतला जातो. म्हणजे तांब्यातले पाणी पेल्यात. प्रत्यक्षात एका जोडणीच्या जागी दोन वेगवेगळ्या जोडण्या असतात आणि त्या एकमेकींना ओळखतही नाहीत.

पहिली जोडणी टॉवर आणि फोन यांच्यातली. ती कंपनीने सरकारकडून परवान्याने मिळवलेल्या वारंवारतेवर चालते. आपल्याकडे ४जी सेवेसाठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे वापरात आहेत. तिचे अंतर काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत असते. दुसरी जोडणी फोन आणि टॅब यांच्यातली. ती वाय-फायची, म्हणजे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासची. या पट्ट्यांत घरगुती उपकरणे ठरलेल्या मर्यादेत वेगळ्या परवान्याशिवाय चालवता येतात. तिचे अंतर एखाद्या वर्गखोलीएवढे, फार तर दोन खोल्यांएवढे. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरून विद्यार्थ्यांना तरंगलांबी काढायला सांगावी. २.४ गिगाहर्ट्झसाठी ती साडेबारा सेंटिमीटर येते, ५ गिगाहर्ट्झसाठी सहा सेंटिमीटर. शालेय सूत्राचा इतका हाताशी असलेला उपयोग सहसा सापडत नाही.

फोनचे काम या दोन जोडण्यांच्या मध्ये उभे राहण्याचे. टॅबकडून आलेला संदेश तो एका प्रक्षेपकावरून घेतो आणि दुसऱ्यावरून टॉवरकडे पाठवतो. उत्तर आले की उलट दिशेने. अशा मध्यस्थ यंत्राला राउटर म्हणतात. ‘हॉटस्पॉट सुरू करा’ याचा खरा अर्थ ‘फोनला काही वेळ राउटर बनवा’ असा आहे. सूचनेत हे एक वाक्य असते, तर आमचे निम्मे परीक्षण अनावश्यक ठरले असते.

हे वर्गात दाखवायला दोन मिनिटे पुरतात. टॅब हॉटस्पॉटला जोडावा आणि मग फोनवरचा ‘मोबाइल डेटा’ तेवढा बंद करावा. हॉटस्पॉट चालूच ठेवावा. बहुतेक फोनवर टॅबचे वाय-फाय तुटत नाही. वाय-फायच्या चिन्हाच्या सगळ्या काड्या भरलेल्या राहतात, पण पान उघडत नाही आणि ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ अशा अर्थाची ओळ दिसू लागते. काड्या फक्त दुसऱ्या जोडणीची प्रकृती सांगतात, पहिलीची नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. वाय-फाय म्हणजे इंटरनेट, हा आपल्याकडचा सर्वांत पसरलेला गैरसमज एका प्रयोगात दूर होतो. ‘टॅबला फुल रेंज आहे, तरी चालत नाही, म्हणजे टॅब बिघडला’ असा निष्कर्ष काढून कितीतरी चांगले टॅब कपाटात जाऊन बसतात. सूचना लिहिणाऱ्याने दोन जोडण्यांचा उल्लेख केला असता, तर त्यातले काही बाहेर राहिले असते.

सिमबद्दल मौन

ज्या टॅबसाठी ही सूचना आहे, त्याचे वैशिष्ट्यच सिमकार्ड नसणे हे आहे. तरीही सिम नसताना काम कसे होते, याबद्दल ती एक अवाक्षर काढत नाही. मग मुले आपापली उत्तरे तयार करतात. सिममध्ये इंटरनेट भरलेले असते, हे त्यातले सर्वांत लोकप्रिय.

सिममध्ये इंटरनेट नसते. तेथे ओळख असते. या कार्डाचा व्यापारी वापर १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झाला. कार्डात एक गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक संख्या, कोरलेली असते. तीच संख्या कंपनीच्या संगणकातही असते. फोन टॉवरशी संपर्क साधतो, तेव्हा कंपनी त्याला एक यादृच्छिक संख्या पाठवते. कार्ड ती संख्या आणि आपली गुप्त किल्ली यांवर ठरलेले गणित करून उत्तर देते. कंपनी तेच गणित आपल्याकडे करते. उत्तरे जुळली तर ग्राहक खरा. किल्ली स्वतः कार्डाबाहेर कधीच जात नाही. जाते ते फक्त उत्तर. परीक्षेत पाठांतर न विचारता नवे उदाहरण सोडवायला द्यावे, तसा हा प्रकार आहे.

आता टॅबला सिम का लागत नाही हे स्पष्ट होईल. टॅब टॉवरशी बोलतच नाही. केवळ वाय-फायच्या टॅबमध्ये टॉवरशी बोलणारा मोडेमच नसतो. त्याची ओळख पटवावी लागते ती फक्त फोनला, आणि ती पासवर्डने पटते. कंपनीला ओळख पटवतो तो फोन. एका दारावर पासवर्ड, दुसऱ्यावर सिम.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. टॅबवर कोणी काय उघडले, कोणाला काय पाठवले, ते सारे कंपनीच्या दृष्टीने फोनच्या मालकाच्या जोडणीवरून झालेले असते. शिक्षकाने हॉटस्पॉट दिला, म्हणजे आपली ओळखच वर्गाला वापरायला दिली. म्हणून पासवर्ड हा निव्वळ उपचार नाही. प्रचलित पद्धतीत तो किमान ८ अक्षरांचा लागतो. आठही जागी आकडेच वापरले तर शक्यता १० कोटी होतात. माणसाला हे प्रचंड वाटते. जोडणीच्या वेळचे संकेत टिपून घेऊन मागाहून तपासत बसणाऱ्या संगणकाला ते फार नाही. आणि एक ते आठ आकडे ओळीने लिहिले, तर संगणकाचीही गरज नाही. काम संपले की हॉटस्पॉट बंद करा आणि पासवर्ड अधूनमधून बदला, ही दोन वाक्ये मूळ सूचनेत असायलाच हवी होती. तेथे फक्त ‘टाका’ आहे.

वसतिगृहाची नोंदवही

एका सिमच्या जोडणीवर पाच टॅब चालतात, तर कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे हे फोनला कसे कळते? हा प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारतो आणि सूचना त्याला काहीच देत नाही.

वसतिगृहाचे उदाहरण घ्या. बाहेरच्या जगाला वसतिगृहाचा एकच पत्ता ठाऊक आहे. मुलांची पत्रे अधीक्षक गोळा करतात, प्रत्येकावर वसतिगृहाचा पत्ता आणि एक क्रमांक घालतात आणि कोणता क्रमांक कोणत्या खोलीचा हे वहीत लिहून ठेवतात. उत्तर त्या क्रमांकानिशी परत आले की वही पाहून ते योग्य खोलीत पोचवतात. फोन हेच करतो. प्रत्येक टॅबला तो एक अंतर्गत पत्ता देतो. हे पत्ते पुष्कळदा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. टॅबच्या वाय-फायच्या तपशिलात ते पाहता येतात आणि तेथेच ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो तो फोनचा. एकाच वेळी दोन गावांतल्या दोन टॅबचा अंतर्गत पत्ता एकच असू शकतो. जसा दोन वसतिगृहांत खोली क्रमांक ५ असतो.

ही युक्ती गरजेतून आली. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते दोनचा बत्तिसावा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९० नंतर लवकरच दिसू लागले. १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी पत्ते बदलून पाठवण्याच्या या पद्धतीचे टिपण प्रसिद्ध केले. केवळ आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते १९९६ साली निश्चित झाले. तात्पुरती सोय म्हणून सुचवलेली ही पद्धत आज जगभर रुळली आहे. नव्या, १२८ बिटांच्या पत्तापद्धतीत मात्र प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो आणि तेथे या वहीची गरज राहत नाही. आपल्याकडील मोबाइल जोडण्यांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आढळतात, हे प्रयोग करताना ध्यानात ठेवावे.

उपमा कोठे तुटते तेही सांगायला हवे. वसतिगृहात मुलाच्या नावाने अचानक पत्र आले, तर अधीक्षक चौकशी करून ते देतील. फोनच्या वहीत नोंद नसेल, तर बाहेरून आलेला संदेश सरळ टाकून दिला जातो. म्हणून टॅबला बाहेर जाता येते, पण बाहेरच्याला न विचारता टॅबपर्यंत येता येत नाही.

आणखी एक गमतीची खूण आहे. इंटरनेटवरील प्रत्येक पाकिटावर त्याने किती मुक्काम करावेत याची मर्यादा लिहिलेली असते. वाट चुकलेले पाकीट कायमचे भटकत राहू नये, म्हणून ही सोय. फोन आणि टॅबमध्ये हा आकडा सहसा ६४ असतो आणि प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. टॅबचे पाकीट फोनमधून गेले की आकडा ६३ होतो. टॉवरपलीकडे ६४ ऐवजी ६३ दिसला, तर या फोनच्या आडून दुसरे कोणी बोलते आहे, असा तर्क कंपनीला करता येतो. परदेशांत काही कंपन्या अशा खुणांवरून हॉटस्पॉट ओळखून त्याचे वेगळे पैसे मागत असत. अमेरिकेत व्हेरायझन या कंपनीने ही सोय देणाऱ्या आज्ञावल्या फोनच्या आज्ञावली-बाजारातून अडवायला लावल्याचा प्रश्न तेथील दूरसंचार नियामकापुढे आला. २०१२ च्या जुलैमध्ये साडेबारा लाख डॉलर भरून तो मिटवण्यात आला, कारण संबंधित वारंवारतेच्या परवान्यातच ग्राहकाच्या पसंतीची उपकरणे आणि आज्ञावल्या अडवू नयेत अशी अट होती. एका बाजूला पाकिटावरचा एक आकडा, दुसऱ्या बाजूला नागरिकाचा हक्क. नागरिकशास्त्र आणि विज्ञान एकाच तासाला शिकवता येईल असा हा विषय आहे.

खर्चाचा हिशेब

सूचनेचा सर्वांत गंभीर दोष आम्हाला येथे दिसतो. ती खर्चाविषयी एक शब्द बोलत नाही.

टॅबला वाय-फाय दिसते आणि वाय-फाय म्हणजे भरपूर आणि फुकट, असे गृहीत धरूनच त्याच्या आज्ञावल्या लिहिलेल्या असतात. त्यामुळे हॉटस्पॉट मिळताच टॅब साठलेली कामे उरकू लागतो: आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या उतरवणे, छायाचित्रांच्या प्रती दूर पाठवणे. पुढे शिक्षकाचा रिचार्ज आहे, हे त्याला ठाऊक नसते. एकाच घराण्यातला फोन आणि टॅब असेल, तर ‘ही जोडणी मोजून मिळते’ असा निरोप फोन टॅबला अनेकदा आपोआप देतो. घराणी वेगळी असली की त्याचा भरवसा नाही. टॅबच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये ही जोडणी ‘मीटर्ड’ आहे असे हाताने नोंदवण्याची किंवा कमी डेटा वापरण्याची सोय असते. मूळ सूचनेत तिचा पत्ता नाही.

आता आकडे पाहू. सेकंदाला १ मेगाबिट या बेताच्या गतीने चालणारी १० मिनिटांची चित्रफीत घ्या. ६०० सेकंद, म्हणून ६०० मेगाबिट. आठाने भागले की ७५ मेगाबाइट. वर्गातल्या २० टॅबवर ती वेगवेगळी पाहिली, तर १५०० मेगाबाइट, म्हणजे दीड जीबी. अनेक रिचार्जमध्ये दिवसाला मिळतो तेवढाच हा डेटा. दहा मिनिटांच्या एका चित्रफितीत शिक्षकाचा दिवस संपला. शिवाय पुष्कळ फोन एका वेळी आठ-दहा उपकरणांपलीकडे जोडूनच घेत नाहीत. म्हणजे दोन-तीन फेऱ्या. दैनंदिन मर्यादा संपल्यावर अनेक योजनांत गती सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत खाली येते. या गतीने तीच ७५ मेगाबाइटची चित्रफीत उतरवायला ९३७५ सेकंद, म्हणजे दोन तास छत्तीस मिनिटे लागतील. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. बिट आणि बाइट यांतला फरक एरवी पाठ करावा लागतो. येथे तो खिशाला जाणवतो.

दोन जोडण्या वेगळ्या आहेत हे कळले की या खर्चावरचा उपायही सापडतो. पैसे पडतात ते टॉवर-फोन या पहिल्या जोडणीचे. फोन-टॅब ही दुसरी जोडणी विनामूल्य आहे. चित्रफीत एकदाच फोनवर उतरवून घेतली आणि फाइल पाठवण्याच्या सोयीने फोनवरून टॅबवर दिली, तर मोबाइल डेटा पूर्ण बंद असतानाही ती सगळीकडे पोचते. खर्च ७५ मेगाबाइट, १५०० नव्हे. ज्या शाळेत टॉवरचा संकेत पोचतच नाही, तेथेही हे चालते. चित्रफीत आदल्या दिवशी गावातून उतरवून आणावी. ‘नेट देणे’ या एका शब्दप्रयोगाने हा मार्ग आपल्या नजरेआड ठेवला आहे. एखाद्या चुकीच्या उपमेची किंमत रुपयांत मोजता येते, त्याचे हे उदाहरण.

फोन कोठे ठेवावा?

याविषयीही सूचना गप्प आहे. रूढी अशी की फोन शिक्षकाच्या टेबलावर, वर्गाच्या मधोमध किंवा लोखंडी कपाटाशेजारी ठेवला जातो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत अशक्त कडीइतकी असते आणि येथे अशक्त कडी बहुतेक वेळा टॉवरची असते, टॅबची नव्हे. टॅब पाच मीटरवर आहे, टॉवर दोन किलोमीटरवर. म्हणून फोन ठेवावा तो टॉवरचा संकेत जेथे चांगला मिळतो तेथे, बहुधा खिडकीच्या कट्ट्यावर, सावलीत. टॅबला तेथून वाय-फाय पुरते.

याला आणखी एक कारण आहे. टॉवर दुरावला की फोन आपल्या प्रक्षेपणाची शक्ती वाढवतो. ४जी फोनमध्ये ती कमाल सुमारे २०० मिलिवॅटपर्यंत जाते. त्यात वाय-फायचे काम सतत चालू. म्हणून आडबाजूला ठेवलेला हॉटस्पॉटचा फोन तापतो आणि त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. फोन कोपऱ्यात, कपाटात आणि खिडकीत ठेवून प्रत्येक ठिकाणी एकच फाइल उतरवायला किती सेकंद लागतात ते मोजावे, प्रत्येक मोजणी तीनदा करावी आणि सरासरी काढावी. हा अस्सल प्रयोग आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मात्र टॉवरवरची गर्दी क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तिन्ही मोजण्या वेगवेगळ्या आल्या तर मुलांनी त्या खोडू नयेत. त्या तशाच नोंदवून का वेगळ्या आल्या, यावर बोलावे.

शब्दांविषयी थोडे

सूचनेची भाषा मराठी असली, तरी तिचे मोक्याचे शब्द परके आणि न उलगडलेले आहेत. ‘हॉटस्पॉट’चा शब्दशः अर्थ घेऊन मुले त्याचा संबंध फोन तापण्याशी जोडतात. ‘टेदरिंग’ हा शब्द तर फोनच्या पडद्यावर मराठी लिपीत तसाच येतो. मूळ अर्थ पाहिला तर तो आपल्या गोठ्यातला आहे: जनावर खुंट्याला बांधायचे दावे. टॅब फोनच्या खुंट्याला दाव्याने बांधला आहे. दावे पोचते तेवढ्यातच तो चरणार. ही प्रतिमा ‘नेट देणे’पेक्षा कितीतरी खरी आहे, कारण तीत खुंटा आहे, अंतर आहे आणि अवलंबित्वही आहे. प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द हवाच, असा आमचा आग्रह नाही. पण परका शब्द वापरायचा तर त्याचा अर्थ एकदा तरी सांगावा.

भाषेचा एक तांत्रिक पैलूही आहे. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन लिपीतले अक्षर एक बाइट घेते. प्रचलित युनिकोड लेखनात देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि हलन्त तीन-तीन बाइट घेतात. ‘शाळा’ हे नाव १२ बाइटमध्ये मावते. ‘जिल्हा परिषद शाळा’ हे मात्र मधल्या दोन मोकळ्या जागा धरून ४७ बाइटचे होते आणि मावत नाही. ही मर्यादा ठरवताना देवनागरी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. मानके ठरतात तेथे आपली लिपी जाणणारी माणसे असली पाहिजेत, हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल, पंख्याचे बटण दाबताना आपण विद्युतचुंबकत्व समजावून सांगत नाही. मग येथेच एवढा आग्रह का? आक्षेप रास्त आहे. प्रत्येक बटणामागचे विज्ञान प्रत्येकाला कळलेच पाहिजे, असे आम्हीही म्हणत नाही. पण पंख्याचे बटण दाबल्याने शेजाऱ्याचे वीजबिल वाढत नाही आणि शेजाऱ्याच्या नावावर कोणी पत्रे पाठवत नाही. हॉटस्पॉटमध्ये एकाचे पैसे आणि एकाची ओळख अनेकांच्या हाती जाते. ज्या क्रियेत दुसऱ्याची जबाबदारी गुंतली आहे, तिची किमान समज देणे हे सूचनेचे कर्तव्य आहे.

दुसरे असे की शिक्षकाच्या खासगी रिचार्जवर शाळेचे डिजिटल शिक्षण चालणे ही आणीबाणीची तजवीज आहे. चार वाक्यांची ही सूचना तिला व्यवस्थेचे रूप देते. खर्च कोणाचा हेच लिहिलेले नसेल, तर तो मागायचा कोणाकडे, हा प्रश्नही उद्भवत नाही.

सुधारित मजकूर

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हाला योग्य वाटत नाही. मूळ सूचनेऐवजी पुढील मजकूर सुचवावासा वाटतो. तो शाळेच्या फलकावर मावेल एवढाच आहे.

“हॉटस्पॉट सुरू केल्यावर फोन राउटर बनतो: एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला टॅब. टॉवरच्या बाजूचे पैसे पडतात, टॅबच्या बाजूचे नाही. फोन जेथे टॉवरचा संकेत चांगला, तेथे सावलीत ठेवा. टॅबवर फोनचे नाव निवडून पासवर्ड टाका आणि जोडणी ‘मीटर्ड’ असल्याची नोंद करा. पान उघडले नाही, तर आधी फोनवर ते उघडते का पाहा. तेथेही नसेल तर अडचण टॉवरच्या बाजूला आहे, तेथे असेल तर टॅबच्या बाजूला. सर्वांना एकच फाइल हवी असेल, तर ती एकदाच उतरवा आणि आपसांत वाटा. टॅबवर जे होईल ते फोनच्या मालकाच्या नावावर होते. काम संपताच हॉटस्पॉट बंद करा.”

चारांची नऊ वाक्ये झाली. लांबी दुपटीहून अधिक झाली हे खरे. पण यातले पाचवे वाक्य ज्या मुलीला कळले, ती जोडणी अडल्यावर ‘सर, टॅब बिघडला’ असे म्हणणार नाही. कोणती बाजू तुटली हे ती आधी तपासेल आणि मग बोलेल. विज्ञानशिक्षक तिच्याकडून वर्षभर ज्या सवयीची अपेक्षा करतो, ती सवय हीच.